जांभ्या दगडाचा कोपरा

पत्र:

आदरणीय बाई,

मी गोव्यात साखळीजवळच्या एका गावात राहते. वय वीस. चार वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाने त्याचे निन्टेंडो स्विच हे खेळ खेळायचे यंत्र सुट्टीपुरते आमच्याकडे ठेवले आणि त्यावर मी 'द लेजंड ऑफ झेल्डा' मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ खेळले. तेव्हापासून त्यातला नायक लिंक, राजकन्या झेल्डा आणि त्यांचे हायरूलचे राज्य मनातून गेलेले नाही. मी त्यांची चित्रे काढते. आजवर साठेक झाली असतील. मैत्रिणींना ती आवडतात. पण एका शिबिरात चित्रकलेच्या शिक्षकांनी माझी वही चाळून विचारले, "ही पात्रे दुसऱ्याची, मग यात तुझे काय?" मला उत्तर देता आले नाही. घरी आजोबांची गणपतीच्या मूर्ती घडवण्याची चित्रशाळा आहे. तेही म्हणतात, "हात चांगला आहे, पण परक्या बाहुल्यांवर वाया घालवतेस." खरे सांगायचे तर मूळ चित्रांशेजारी ठेवली की माझी चित्रे मलाही निर्जीव वाटतात. त्यातच भावाचा एक मित्र मागे लागला आहे की यांचे स्टिकर आणि टी-शर्ट छापून विकू या. मी काय करावे? सोबत एक चित्र पाठवते आहे.

— साखळीची एक वाचक

उत्तर:

प्रिय मुली,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण तू पाठवलेले चित्र मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावले होते आणि येता-जाता त्याच्याकडे पाहत होते. लिंक कड्याच्या टोकावर आपल्याकडे पाठ करून उभा आहे, अंगात तो निळा अंगरखा आहे, दूर डोंगराआड किल्ला दिसतो आहे. केस, पट्टा, पाठीवरची ढाल, सगळे बिनचूक उतरले आहे, आणि तरीही त्याचे पाय दगडावर टेकलेले नाहीत. बुटांखाली सावली नसल्यामुळे तो तिथे उभा न वाटता आणून चिकटवल्यासारखा वाटतो. गवताचे प्रत्येक पाते त्याच एका हिरव्या रंगाचे आहे. तू स्क्रीनशॉटवरून रेघा उमटवून घेतल्या असणार, असा माझा अंदाज आहे, आणि तू स्वतः 'निर्जीव' हा जो शब्द वापरलास तो मी खोडून काढणार नाही.

पण खाली डावीकडे, तुझ्या सहीच्या जरा वर, तळहाताएवढा दगडाचा एक तुकडा आहे. तो भिजलेला आहे. त्याचा तांबूस रंग पाण्याने काळपट झाला आहे, बारीक-बारीक भोकांत उजेड साठला आहे, एका भोकातून नेच्याचे इवलेसे पान बाहेर आले आहे आणि वरच्या कडेला जुने काळे शेवाळ आहे. हा दगड हायरूलमधला नाही. हा आपला जांभा आहे, आणि तो तू कुठल्याही पडद्यावरून घेतलेला नाहीस, कारण तसा तो कुठल्याही पडद्यावर नाही. बहुधा रोजच्या येण्याजाण्यातला एखादा गडगा किंवा हरवळ्याच्या धबधब्याजवळचा एखादा कातळ तुझ्या हाताला आठवला आणि तू विचार न करता तो रंगवून टाकलास. सगळ्या चित्रात जीव आहे तो तेवढ्याच जागी. तुझ्या तिन्ही प्रश्नांची माझी उत्तरे त्या कोपऱ्यातूनच निघतात.

आधी शिक्षकांचा प्रश्न घेऊ. "यात तुझे काय?" हा प्रश्न तुला टोचला, हे स्वाभाविक आहे, परंतु तो वाईट प्रश्न नाही. तो कुणी विचारलाच नसता तर तू आणखी साठ चित्रे तशीच काढली असतीस. त्यांचे चुकले असेल तर ते एवढेच, की पात्र दुसऱ्याचे असले म्हणजे चित्रही दुसऱ्याचेच, असे ते धरून चालले. झेल्डा मालिकेचाच इतिहास पाहिला तर तसे धरून चालता येत नाही. पहिला खेळ १९८६ साली जपानमध्ये आला तेव्हा लिंक म्हणजे मोजक्या चौकोनी ठिपक्यांचा बनलेला, हिरव्या टोपीचा एक ठेंगणा मुलगा होता. १९९८च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये तो प्रथमच त्रिमितीत आला. २००२ साली 'द विंड वेकर'मध्ये तो मोठ्या डोळ्यांचा, सपाट रंगांचा, व्यंगचित्रातल्यासारखा झाला. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी वास्तवदर्शी लिंकची झलक पाहून हरखलेले चाहते या बदलावर चांगलेच रागावले होते, आणि आज त्याच खेळाच्या रूपाचे लोक कौतुक करतात. २०१७ साली तुझा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला आणि लिंकचा नेहमीचा हिरवा अंगरखा निळा झाला. शिवाय त्या कथेत बहुतेक खेळांतला लिंक हा निराळ्या युगातला निराळा मुलगा असतो. अवतार ही कल्पना आपल्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही. तेच नाव, तेच कार्य, दर वेळी नवे रूप. म्हणजे ज्यांनी लिंकला जन्म दिला त्यांनीच तो इतक्या वेळा नव्याने काढला आहे, की 'मूळ चित्र' म्हणून तू ज्याच्याशी आपली तुलना करतेस, ते अनेकांमधले एक आहे.

जाता-जाता एक विचारते. तुझ्या चित्रात लिंकने तलवार डाव्या हातात धरली आहे. जुन्या बहुतेक खेळांत तो डावखुरा होता. २००६च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'च्या, 'वी' या रिमोट हलवून खेळायच्या यंत्रासाठी काढलेल्या आवृत्तीत तो उजवा झाला, कारण खेळणारे बहुतेक जण रिमोट उजव्या हातात धरत, आणि 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्येही तो उजवाच आहे. तू हे मुद्दाम केले असशील तर मला फार आवडले. नकळत झाले असेल तर ते तपासून घे. चाहत्याने केलेला बदल हा जाणून केलेला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला मूळ ठाऊक आहे त्यालाच त्यात फेरफार करण्याचा अधिकार पोहोचतो.

आता हे सगळे विश्व आले कुठून, ते पाहा, कारण तुझ्या निर्जीव गवताचे औषध तिथेच आहे. या खेळाचे जनक शिगेरु मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावी गेले. ते लहानपणी आसपासच्या रानांत आणि टेकड्यांत भटकत, आणि एकदा हिंडता-हिंडता त्यांना एका गुहेचे तोंड सापडले. आत जायचा धीर व्हायला वेळ लागला आणि मग ते कंदील घेऊन आत शिरले. ही आठवण त्यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे, आणि पहिल्या खेळातल्या अंधाऱ्या भुयारांत आपण जे पाऊल टाकतो ते त्याच मुलाचे पाऊल आहे. तीस वर्षांनंतर 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' घडवताना दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी खेळातल्या भूमीची अंतरे ठरवण्यासाठी आपल्या क्योतो शहराचा नकाशा तिच्यावर ठेवून पाहिला; अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी चालत जायला किती वेळ लागतो, हे त्यांच्या पायांना आधीच माहीत होते. त्या खेळातली देवळे आणि पहारेकरी यंत्रे आठवतात ना? त्यांच्या आकारांमागे जपानमधल्या प्रागैतिहासिक जोमोन काळातली मातीची भांडी आहेत. आणि सगळ्या दृश्यांचा तो हवेशीर, किंचित पुसट रंग उघड्यावर बसून निसर्ग रंगवण्याच्या रीतीवरून आणि गुवाशच्या, म्हणजे आपल्या पोस्टर कलरसारख्या अपारदर्शक जलरंगांच्या चित्रांवरून घेतलेला आहे.

म्हणजे तू ज्या चित्रांपुढे हात टेकतेस ती काढणाऱ्यांनी आपल्या गावची गुहा, आपल्या शहराचा नकाशा आणि आपल्या मातीतली मडकी घेतली होती. तू मात्र त्यांनी पाहून झालेले पुन्हा पडद्यावरून उतरवून घेते आहेस. त्यांचे पाहणे उसने घेऊन तुझा कागद भरणार नाही. त्यांनी केले ते तुला करावे लागेल, आणि ते करण्यासाठी तुझ्यापेक्षा चांगल्या जागी राहणारे मला फार जण ठाऊक नाहीत. साखळीपासून हरवळ्याची लेणी किती जवळ आहेत! जांभ्यात कोरलेली ती अंधारी दालने, ज्यांना सगळे पांडवांची लेणी म्हणतात, तू लहानपणापासून पाहत आली असशील. आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही, हे तुला कुणी सांगायला नको. पहिल्या झेल्डामध्ये नऊ भुयारी चक्रव्यूह होते. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या सपाट कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बैल, हरणे आणि मोर कोरले, आणि त्यांच्यातच वर्तुळात वर्तुळे घालून एक चक्रव्यूहही कोरला. तो पाहिला नसशील तर घरच्यांबरोबर एक दिवस काढून पाहून ये. खेळात लिंक रानातून फळे, मुळे, अळंबी गोळा करून झोळीत भरतो. तुझ्या घरी चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली चौकट, बांधतात, तीत कवंडळे, माट्टीची फळे, आंबाडे, तोरिंजन, सुपारीचा घोस हे सारे रानातून आणि कुळागरातून शोधूनच आणलेले असते, आणि कुठले फळ कुठल्या वाटेला मिळते हे घरातल्या एकाला तरी पक्के ठाऊक असते. त्या झोळीचे मोल तुला दुसऱ्या कुणापेक्षा अधिक कळायला हवे.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण माझे म्हणणे उलटे घेतले जाण्याचा धोका आहे. लिंकच्या डोक्यावर मुंडासे बांधले, हातात कोयता दिला आणि मागे एक माड काढला की चित्र गोव्याचे होत नाही. ते वेषांतर झाले. लिंकला लिंकच राहू दे, त्याचा अंगरखा निळाच असू दे. बदलायचे आहे ते तुझ्या पाहण्याचे ठिकाण. दगड भिजल्यावर कसा दिसतो, मिरगाच्या पहिल्या पावसानंतर रानात उजेड कसा बदलतो, मोठ्या झाडाखाली दुपारी किती काळोख असतो, हे तुझ्या डोळ्यांनी पाहिलेले त्याच्याभोवती आले पाहिजे.

म्हणून कामाचे बोलू. महिनाभर स्क्रीनशॉट बाजूला ठेव. खेळातला असा एक क्षण निवड, जो अजून तुझ्या मनात आहे, आणि चित्र काढण्याआधी तो चार ओळींत लिहून काढ. तुला सुचत नसेल तर मी एक सुचवते, कारण तो हा खेळ खेळलेल्या कुणाच्याही ओळखीचा आहे: लिंक अर्धा कडा चढून गेलेला असतो, तेवढ्यात पाऊस सुरू होतो आणि ओल्या दगडावरून त्याचे हात पुन्हा पुन्हा निसटू लागतात. वर जाता येत नाही, खाली उतरवत नाही. मग खेळणारा एखाद्या खडकाचा आडोसा शोधतो, तिथे आग पेटवतो आणि पाऊस जाण्याची वाट पाहत बसतो. वर्षातले चार महिने पावसाकडे पाहत बसणाऱ्या मुलीला या क्षणाविषयी जे माहीत आहे, ते जगभरच्या किती चाहत्यांना माहीत असेल?

तो क्षण हरवळ्याला जाऊन काढ. लेण्याच्या आत, कोरड्या जागी बस आणि बाहेर पाहा. (धबधब्याकडच्या ओल्या कातळांवर पावसाळ्यात पाऊलही टाकू नकोस, तिथले शेवाळ फार घात करते.) पहिल्या दिवशी लिंक काढायचाच नाही. आगपेटीएवढ्या चौकटी आखून पाच-सहा लहान रेखाटने कर, आणि त्यांत काळा, करडा व पांढरा अशा तीनच छटा वापर. दाराची चौकट किती काळी आहे, बाहेरचा पाऊस किती उजळ आहे आणि उंबरठ्यावरच्या ओल्या जमिनीवर तो उजेड आत कुठवर येतो, एवढेच पाहा. त्यातले जे रेखाटन हातभर अंतरावरूनही ओळखू येते ते ठेव. दुसऱ्या दिवशी मावसभावाला तिथे गुडघे जवळ घेऊन बसव आणि त्याला काढ. शरीराचे वजन जमिनीवर कसे पडते, पाठ भिंतीला कुठे टेकते, अवघडून बसलेल्या माणसाची मान कशी खाली जाते, हे कुठल्याही स्क्रीनशॉटमध्ये तुला इतक्या जवळून पाहता येणार नाही; आणि त्याच्या पायाखालची सावली तू विसरूच शकणार नाहीस, कारण ती समोर असेल. मग घरी येऊन पोस्टर कलरने मोठे चित्र कर. सगळे झाल्यावर, अगदी शेवटी, स्क्रीनशॉट उघड आणि पट्ट्याचे बक्कल, ढालीवरची नक्षी, कानाचे टोक तेवढे तपासून घे.

ट्रेस करणे हे पाप आहे का, असे तू विचारलेले नाहीस, पण पत्रातल्या तुझ्या संकोचावरून ते तुझ्या मनात आहे असे वाटते. नाही. मी स्वतः शाळेत असताना कॅलेंडरवरच्या देवांच्या चित्रांवर चौकटी आखून ती मोठ्या कागदावर उतरवत असे, आणि माझ्या हाताला वळण लागले ते तिथेच. अभ्यास म्हणून नक्कल करावी, तिच्यावर 'अमुक चित्रावरून अभ्यास' असे लिहावे आणि ती वही वेगळी ठेवावी. माझ्या बाबतीत वाईट झाले ते पुढे. एकदा मी तसेच उतरवलेले एक चित्र स्पर्धेत माझे म्हणून दिले, त्याला बक्षीस मिळाले, आणि ते बक्षीस माझ्या हाताला इतके जड झाले की पुढे वर्षभर मी चित्र काढले नाही. साठ चित्रांतली उतरवलेली कोणती आणि मनाने काढलेली कोणती, हे तू आजच वेगळे करून ठेवावेस, असे म्हणूनच मला वाटते.

आता आजोबा. त्यांच्या चित्रशाळेत बसून तू हा प्रश्न मला टपालाने विचारलास, याचे मला थोडे नवल वाटले, कारण उत्तर त्यांच्या बोटांत आहे. गणपती त्यांनी शोधून काढलेला नाही. सोंड, चार हात, मोदक, उंदीर हे सारे त्यांना मिळालेले आहे आणि त्यात त्यांना फारसे बदलताही येत नाही. तरीही ही मूर्ती कुणाच्या चित्रशाळेतली, हे गावातली जाणती माणसे डोळ्यांच्या आखणीवरून सांगतात, आणि काही घरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच चित्रशाळेतून मूर्ती नेतात. मिळालेल्या रूपात आपला हात दिसणे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके तुला कोण शिकवणार? त्यांच्याशी वाद घालू नकोस. चवथीपूर्वी चित्रशाळेत माती आली की तिथे मदतीला बस, आणि डोळे आखायची वेळ येते तेव्हा त्यांच्या डाव्या बाजूला बसून नुसते पाहत राहा: कुंचला कुठे टेकतो, श्वास केव्हा रोखला जातो, पहिली रेघ वरच्या पापणीची असते की खालच्या. आणि कधीतरी निवांत असताना जोमोन भांड्यांची छायाचित्रे त्यांना दाखवून सांग, की तुझ्या त्या परक्या बाहुल्यांमधली यंत्रे या मडक्यांवरून घडवलेली आहेत. मातीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ते ऐकण्यासारखे वाटेल.

'परक्या' या शब्दाचेच म्हणशील तर आपल्याकडे आंजेलो द फॉन्सेका होऊन गेले. १९०२ साली सांत इस्तेव्हला जन्मलेला हा चित्रकार बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकला आणि पुढे आयुष्यभर त्याने ख्रिस्ती विषय रंगवले. पण त्याची मरिया साडी नेसलेली, इथल्या बायकांसारखी बसणारी, सावळी आहे. युरोपातून आलेले रूप तसेच उतरवण्याची रीत असताना त्याने असे करावे, हे त्या काळी पुष्कळांना रुचले नाही. १९६७ साली तो पुण्यात वारला. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. पणजीला येणे झाले तर चौकशी करून तो जरूर पाहा, आणि पाहताना एवढेच शोध, की दुसरीकडून आलेले पात्र त्याने आपल्या अंगणात कसे बसवले. वर मी वेषांतराविषयी जे म्हटले, त्यातला आणि या चित्रांतला फरक तुला तिथे शब्दांवाचून कळेल.

राहिला स्टिकर आणि टी-शर्टचा प्रश्न. त्याचे उत्तर स्पष्ट आहे: ते करू नकोस. गणपती सगळ्यांचा आहे. लिंक तसा नाही. तो निन्टेंडोच्या मालकीचा आहे, आणि आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे एखाद्या कलाकृतीवरून दुसरी कलाकृती करण्याचा आणि तिच्या प्रती विकण्याचा हक्क मूळ मालकाचा असतो. खासगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी कायदा सूट देतो, म्हणून वहीतल्या तुझ्या चित्रांची काळजी करू नकोस. मैत्रिणींना दाखवलेल्या किंवा इंटरनेटवर ठेवलेल्या चाहत्यांच्या चित्रांकडे बहुतेक मालक काणाडोळा करतात. पण तो त्यांचा चांगुलपणा असतो, आपला हक्क नसतो, आणि त्यांनी काढून टाकायला सांगितले तर मुकाट्याने काढावे. पैसे आले की गोष्ट बदलते. खाली बारीक अक्षरांत 'श्रेय निन्टेंडोचे' असे लिहिल्याने परवानगी मिळाल्यासारखे होत नाही, आणि मालिकेची नावे व चिन्हे यांच्यावर ट्रेडमार्कचा हक्क वेगळा असतो. भावाच्या मित्राला राग आला तर येऊ दे. नोटीस आलीच तर ती तुझ्या नावाने येईल, कारण चित्रावर सही तुझी असेल. याची दुसरी बाजूही मी भोगली आहे. काही वर्षांपूर्वी एका छापखान्याने माझे एक रेखाटन मला न विचारता डायरीवर छापले. रक्कम क्षुल्लक होती, पण दुकानात ती डायरी हातात घेतली तेव्हा जे वाटले ते मी अजून विसरलेले नाही, आणि समोरचा मालक कितीही मोठी कंपनी असली तरी मी तुला तसे करायला सांगणार नाही.

विकायचेच असेल तर तुझ्याकडे विकण्यासारखे आहे. १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कल्पनेवर, विषयावर कुणाचा कॉपीराइट नसतो. तो असतो ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर. पावसात गुहेत अडकलेला एक मुसाफिर, भुयारातला चक्रव्यूह, रानातली फळे गोळा करणारी मुलगी, यांच्यावर निन्टेंडोची मालकी नाही. हरवळ्याच्या दारातले ते चित्र झाले की त्याच जागेचे दुसरे चित्र कर आणि त्यात लिंकच्या जागी तुझी स्वतःची कुणीतरी बसव. ती कोण, कुठून आली, तिच्या झोळीत काय आहे, हे तुलाच ठरवावे लागेल, आणि ते ठरवणे अवघड जाईल. साठ वेळा दुसऱ्याने ठरवलेले काढल्यावर ते सोपे जाणार नाहीच. म्हणून लिंक सोडून दे, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्यामुळे चार वर्षे रोज हातात पेन्सिल राहिली, त्याला कशासाठी सोडायचे? दोन्ही वह्या शेजारी-शेजारी चालू देत.

तुझे चित्र सोबत परत पाठवते आहे. त्याच्यावर मी कुठेही पेन्सिल लावलेली नाही. पाकिटात आणखी एक कोरा जाड कागद सापडेल, ज्याच्या मधोमध मी तळहाताएवढी खिडकी कापली आहे. तो चित्रावर असा ठेव की खिडकी खालच्या डाव्या कोपऱ्यावर येईल आणि बाकीचे सगळे झाकले जाईल. मग तो कागद तसाच आजोबांपुढे ने, आणि हा दगड कुठला, एवढेच त्यांना विचार.